हजारो बदलांतून चुकलेला एक बदल यंत्र कसे शोधते

मोबाइलवरचे एखादे ॲप गेल्या आठवड्यापर्यंत सुरळीत चालत असते. मग नवी आवृत्ती येते आणि त्यातली एखादी साधीच गोष्ट, जी आजवर कधी अडली नव्हती, ती चालेनाशी होते. तक्रारी जातात, काही दिवसांत दुरुस्त आवृत्ती येते आणि वापरणारा माणूस प्रकरण विसरून जातो. त्या मधल्या काळात आत काय घडते याविषयी बाहेर बहुधा असा समज असतो की कोणी तरी जाणकार माणूस लाखो ओळींचा कोड वाचत बसतो आणि अनुभवाच्या बळावर चूक हुडकून काढतो. असे कधी कधी घडतेही. पण ज्या प्रकल्पांचा इतिहास नीट ठेवलेला असतो तेथे पहिली फेरी यंत्राची असते. यंत्र भूतकाळातल्या एकेका अवस्थेत जाते, तेथे एकच ठरावीक कमांड चालवते, उत्तर टिपून घेते आणि शेवटी एका बदलाकडे बोट दाखवते. माणूस वाचायला बसतो तो त्यानंतर, आणि तेव्हा त्याच्यासमोर लाखो ओळींऐवजी बहुतेक वेळा काही मोजक्या ओळी असतात.

कोड लिहिण्याच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून बदल तयार करणे फार सोपे झाले आहे. ते वाचून पारखणे मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले आहे. त्यामुळे इतिहासातल्या प्रत्येक टप्प्यावर यंत्राकडून तपासणी करून घेण्याची ही जुनी सवय आता जास्त मोलाची ठरते आहे, आणि ती कशी चालते हे संगणकशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही समजण्याजोगे आहे.

इतिहासात नेमके काय साठवलेले असते

सॉफ्टवेअरचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालींपैकी आज सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे गिट. लिनक्स या संगणक-प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली, कारण लिनक्सच्या कामासाठी तोवर वापरात असलेल्या बिटकीपर या प्रणालीचा विनामूल्य परवाना काढून घेण्यात आला होता. गिटमध्ये काम साठवण्याचे एकक म्हणजे कमिट. लेखकाने काही बदल केले, ते एका गठ्ठ्यात बांधले, त्यावर 'हे का केले' याची टीप लिहिली आणि तो गठ्ठा नोंदवला, की एक कमिट तयार होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण नवशिक्यांचा गोंधळ नेमका तेथेच होतो. कमिट दाखवताना गिट 'काय बदलले' एवढेच दाखवते, त्यामुळे कमिट म्हणजे केवळ फरकाची नोंद असे वाटू लागते. प्रत्यक्षात प्रत्येक कमिट प्रकल्पातल्या सर्व फायलींच्या त्या क्षणीच्या संपूर्ण अवस्थेकडे निर्देश करते. जोडीला लेखकाचे नाव, वेळ, टीप आणि आधीच्या कमिटचा ओळखक्रमांक असतो. प्रत्येक कमिटचा स्वतःचा ओळखक्रमांक या सगळ्या मजकुरावरूनच गणिताने काढलेला असतो. अंक आणि अक्षरे मिळून त्याची लांबी सर्वसाधारणपणे ४० असते. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी क्रमांक बदलतो, आणि प्रत्येक कमिट आधीच्या कमिटचा क्रमांक पोटात बाळगून असल्याने पुढच्या सगळ्यांचे क्रमांकही बदलतात.

संपूर्ण अवस्था साठवलेली असल्यामुळेच तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारी प्रकल्प जसा होता तसा तो काही क्षणांत पुन्हा समोर मांडता येतो. या कृतीला चेकआउट म्हणतात. प्रत्येक कमिटवर कमांड चालवण्याची सारी कल्पना या एका सोयीवर उभी आहे: चेकआउट करा, कमांड चालवा, निकाल लिहून घ्या, पुढच्या कमिटवर जा.

यंत्राला समजेल असा प्रश्न

कमांड म्हणजे टर्मिनलवर, म्हणजे संगणकाशी टंकून बोलण्याच्या खिडकीत, दिलेली आज्ञा. तिने पडद्यावर काय छापले ते माणसासाठी असते. यंत्राला त्यात रस नसतो. प्रत्येक कमांड संपताना मागे एक लहानसा आकडा ठेवून जाते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. हा आकडा ० असेल तर काम यशस्वी झाले आणि दुसरा काही असेल तर फसले, असा संकेत युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळापासून चालत आला आहे. यंत्राला इतिहासाची छाननी करायला सांगायचे असेल तर आपली शंका या 'शून्य की शून्याखेरीज काही' अशा साच्यात बसवावी लागते, आणि सगळ्या प्रकरणातले खरे कौशल्य तेवढेच आहे.

एक उदाहरण घेऊ. मराठी मजकुरातले अनावश्यक मोकळे अंतर, दुहेरी विरामचिन्हे वगैरे काढून तो स्वच्छ करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे अशी कल्पना करा. मराठीत दरीचे अनेकवचन लिहिताना 'य'च्या आधी जो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' येतो, तो संगणकात लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. त्यांपैकी एका पद्धतीत 'र' आणि हलन्ताच्या पाठोपाठ एक अदृश्य चिन्ह असते. युनिकोडमध्ये त्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. एखाद्या उत्साही लेखकाने 'अदृश्य चिन्हे काढून टाकावीत' असा सद्हेतूने बदल केला, तर हे चिन्हही जाते आणि दऱ्यांचा दर्या होतो. कोणतीही त्रुटी छापली जात नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही. केवळ मजकूर चुकीचा होतो, आणि हे लक्षात येईपर्यंत त्या बदलावर आणखी शेकडो बदल साचलेले असतात.

आता यंत्रासाठी प्रश्न असा बनतो: प्रोग्रॅमला हा एक शब्द द्यावा, बाहेर आलेला शब्द मूळ शब्दाशी अक्षरशः ताडून पाहावा, जुळला तर ० आणि न जुळला तर १ परत करावा. पाच-सहा ओळींची ही स्क्रिप्ट एकदा लिहिली की इतिहासातल्या कुठल्याही कमिटला हाच प्रश्न न कंटाळता विचारता येतो.

पहिला प्रसंग: स्वतःचे काम पाठवण्यापूर्वी

एखाद्याने आठवडाभर काम करून स्वतःच्या ब्रँचवर, म्हणजे मुख्य धारेपासून वेगळ्या काढलेल्या फाट्यावर, वीस कमिट्स केल्या आहेत. शेवटच्या कमिटवर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात. पण मधल्या एकोणीस अवस्थांचे काय? सातव्या कमिटमध्ये एका फंक्शनचे, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र तुकड्याचे, नाव बदलले आणि त्याचा वापर जेथे होतो ती जागा नवव्या कमिटमध्ये दुरुस्त केली, असे फार सहज होऊन जाते. म्हणजे सातवी आणि आठवी अवस्था मोडकी आहे, पण शेवटाकडे पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

यासाठी गिटच्या 'रिबेस' या आज्ञेला 'एक्झेक' नावाचा पर्याय आहे. तो २०१२ पासून उपलब्ध आहे. रिबेस म्हणजे आपल्या कमिट्स एकेक करून पुन्हा रचणे. एक्झेकसोबत एखादी कमांड दिली की प्रत्येक कमिट रचून झाल्यावर ती चालवली जाते, आणि जेथे ती फसते तेथे गिट थांबते. थांबलेल्या जागी चूक दुरुस्त करावी, दुरुस्ती त्याच कमिटमध्ये मिसळावी आणि पुढे चालू ठेवण्याची आज्ञा द्यावी. एका चाचणीला ३ मिनिटे लागत असतील तर वीस कमिट्सचा हा प्रवास तासाभरात संपतो, आणि तेवढा वेळ माणसाने समोर बसून राहण्याचे कारण नसते.

दुरुस्ती न करता केवळ पाहणी करायची असेल तर रिबेसची गरजही नाही. 'रेव्ह-लिस्ट' ही आज्ञा कमिट्सची यादी देते. त्या यादीवर साधे आवर्तन लावून एकेक अवस्था चेकआउट करता येते. हे करताना चालू काम विस्कटू नये म्हणून गिटच्या 'वर्कट्री' या सोयीने वेगळ्या फोल्डरमध्ये त्याच प्रकल्पाची दुसरी प्रत उघडावी आणि सारी धावपळ तेथे होऊ द्यावी. हातचे काम अर्धवट असताना त्याच फोल्डरमध्ये इतिहास मागे-पुढे फिरवणे माझ्या मते निष्कारण धोका पत्करणे आहे, वर्कट्री हाताशी असताना तर नक्कीच.

'शेवटची अवस्था चालते ना? मग मधल्यांची चौकशी कशाला?'

हा आक्षेप सर्वांत स्वाभाविक आहे आणि वरवर पाहता बिनतोडही. वापरणाऱ्याच्या हाती शेवटची अवस्थाच पडते. मधल्या अवस्था कोणीही चालवत नाही.

त्या चालवल्या जातात, पण महिन्यांनी आणि वेगळ्याच माणसाकडून. लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाबतीत तर हा नियमच आहे: बदलांची मालिका पाठवणाऱ्याने मालिकेतल्या प्रत्येक बदलानंतर कर्नेल नीट बांधला जातो (म्हणजे कोडपासून चालवता येण्याजोगा प्रोग्रॅम तयार होतो) आणि नीट चालतो याची खात्री करावी, असे कर्नेलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत सांगितलेले आहे. कारणही तेथेच दिले आहे. पुढे कधी तरी दोषाचा शोध घेणारा माणूस तुमच्या मालिकेच्या मध्यावर येऊन उभा राहू शकतो, आणि तेथे तुम्ही मोडकी अवस्था ठेवली असेल तर त्याचा शोध अडतो. पाठवलेल्या बदलांची अशी तपासणी आपोआप व्हावी म्हणून इंटेल कंपनीने चालवलेला एक स्वयंचलित चाचणी-यंत्रमानव, म्हणजे एक प्रोग्रॅमही आहे. तो कर्नेलचे बदल बांधून पाहतो आणि कुठली कमिट बांधताना मोडली ते तिच्या लेखकाला ई-मेलने कळवतो.

हा माणूस इतिहासाच्या मध्यावर येऊन का उभा राहतो, हे समजण्यासाठी दुसरा प्रसंग पाहायला हवा.

दुसरा प्रसंग: गुन्हेगार कमिटचा शोध

लिनक्स कर्नेलच्या इतिहासात आज १० लाखांहून अधिक कमिट्स आहेत. एका कमिटला १० मिनिटे धरली तरी सगळ्या एकापाठोपाठ तपासायला १ कोटी मिनिटे, म्हणजे सुमारे १९ वर्षे लागतील. त्यामुळे 'प्रत्येक कमिटवर' हे शब्द ऐकून ज्या वाचकाला हे सारे अव्यवहार्य वाटले असेल, त्याची शंका रास्त आहे.

दुकानाच्या रोजकीर्दीचे उदाहरण घ्या. महिन्याच्या १ तारखेला गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळत होती. ३१ तारखेला २०० रुपयांचा फरक येतो आहे. सरावलेला मुनीम पहिल्या पानापासून एकेक बेरीज करत बसत नाही. तो १६ तारखेचे पान उघडतो. तेथे शिल्लक जुळली तर चूक नंतरच्या पंधरवड्यात आहे, न जुळली तर आधीच्या. मग उरलेल्या पंधरवड्याचा मध्य, मग त्याचाही मध्य. पाच पाने उघडून झाली की चुकीचा दिवस हाती येतो.

गिटमध्ये याला बायसेक्ट म्हणतात आणि ते २००५ पासूनच आहे. बिघाड नसलेली एक जुनी कमिट आणि बिघाड असलेली एक नवी कमिट सांगितली की गिट स्वतः मधली कमिट निवडून समोर मांडते. प्रत्येक उत्तरागणिक संशयितांची संख्या साधारण निम्मी होते, म्हणून १,००० कमिट्ससाठी सुमारे १० आणि १० लाखांसाठी सुमारे २० तपासण्या पुरतात. वरचे १९ वर्षांचे काम ३ तास २० मिनिटांवर येते. २००७ मध्ये या आज्ञेत 'रन' हा उपप्रकार आला आणि उत्तर देण्यासाठी माणसाने बसण्याची गरजही संपली: स्क्रिप्ट द्यावी, गिट ती प्रत्येक मध्यावर चालवते, एक्झिट कोड पाहते आणि अखेरीस 'ही पहिली बिघडलेली कमिट' असे जाहीर करते. आपल्या दऱ्या-दर्या प्रकरणात रात्री ही आज्ञा देऊन झोपले तरी सकाळी उत्तर तयार असते. प्रोग्रॅम लहान असल्यामुळे खरे तर चहा होईपर्यंतच.

इतिहास अनेकदा सरळ रेषेत नसतो, त्याला फाटे फुटतात आणि ते पुन्हा मिळतात. तरीही गिट उरलेल्या संशयितांची जवळजवळ समान विभागणी होईल अशीच कमिट शोधते. फाट्यांच्या आत शिरायचे नसेल, केवळ कोणता फाटा मिळाल्यावर बिघाड झाला एवढेच हवे असेल, तर पहिल्या पालकाच्याच, म्हणजे मुख्य धारेतल्या आधीच्या कमिटच्याच, वाटेने जाण्याचा पर्यायही २०२० पासून आहे.

यंत्र निरपराध कमिटला दोषी केव्हा ठरवते

बायसेक्टचा निकाल इतक्या ठामपणे समोर येतो की त्यावर विश्वास बसतो. पण यंत्र केवळ एक्झिट कोडवर चालते, आणि तो चुकीच्या कारणाने चुकला असेल तर यंत्र तितक्याच ठामपणे भलत्याच माणसाच्या कामाकडे बोट दाखवते. हा भाग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण साधन फसवे असल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी येथेच कुठे तरी अडलेली असते.

सर्वांत जास्त आढळणारी गफलत म्हणजे 'तपासता आले नाही' आणि 'बिघडलेले आहे' यांत फरक न करणे. जुन्या एखाद्या अवस्थेत प्रकल्प बांधलाच गेला नाही, तर चाचणी चालण्याचा प्रश्नच येत नाही. पण स्क्रिप्ट शून्येतर आकडा परत करते आणि गिट त्या कमिटला बिघडलेली समजते. यासाठी १२५ हा आकडा राखून ठेवलेला आहे. स्क्रिप्टने १२५ परत केला की गिट 'ही कमिट वगळा' असा अर्थ घेते आणि शेजारची कमिट पाहते. ० म्हणजे चांगली. १ ते १२७ म्हणजे बिघडलेली, अपवाद १२५ चा. १२७ च्या वरचा आकडा आला तर शोध तेथेच थांबतो. म्हणून चांगल्या स्क्रिप्टच्या पहिल्याच भागात असे लिहिलेले असते की बांधणी फसली तर १२५ देऊन बाहेर पडावे. मधल्या अवस्था मोडक्या ठेवणाऱ्या लेखकाचा अपराध येथे दिसतो. दोषी कमिटच्या आजूबाजूच्या बऱ्याच कमिट्स वगळाव्या लागल्या, तर शेवटी गिट एकीचे नाव सांगू शकत नाही आणि 'यांपैकी कोणतीही असू शकेल' म्हणून पाच-पंचवीस कमिट्सची यादी पुढे करते.

दुसरी गफलत स्क्रिप्टच्या जागेची आहे. स्क्रिप्ट प्रकल्पाच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या साठ्यात, नोंदवलेली असेल तर जुनी अवस्था चेकआउट होताच स्क्रिप्टचीही जुनी प्रत समोर येते, किंवा ती तेव्हा लिहिलीच गेली नसल्यामुळे नाहीशी होते. प्रश्न विचारणाराच बदलत गेला तर उत्तरांची तुलना कशी व्हायची? ती रेपॉझिटरीच्या बाहेर ठेवावी, एवढाच यावर इलाज आहे.

मागच्या अवस्थेचा उरलेला माल हेही एक कारण असते. आधीच्या कमिटवरून तयार झालेल्या मधल्या फायली फोल्डरमध्ये पडून राहतात आणि नव्या अवस्थेची बांधणी नकळत त्याच वापरते. म्हणजे चाचणी एका कमिटची आणि निकाल दुसरीचा. प्रत्येक फेरीपूर्वी हा कचरा साफ करण्याने वेळ वाढतो, पण निकाल विश्वासार्ह राहतो. आणखी एक बारीक सापळा पाइपचा: चाचणीचे लांबलचक छापील उत्तर आटोपशीर दिसावे म्हणून ते दुसऱ्या एखाद्या कमांडकडे वळवले, तर शेल, म्हणजे आज्ञा राबवणारा प्रोग्रॅम, सामान्यतः शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड देते. चाचणी फसलेली असूनही, छपाई छाटणारी कमांड यशस्वी झाली म्हणून ० मिळतो आणि सारा इतिहास निर्दोष ठरतो.

सर्वांत त्रासदायक असतात त्या लहरी चाचण्या, म्हणजे ज्या एकाच कोडवर कधी उत्तीर्ण होतात आणि कधी नापास. समजा, बिघाड प्रत्येक दोन वेळांपैकी सरासरी एकदाच प्रकट होतो. शोधाच्या वाटेवर खरोखर बिघडलेल्या पाच कमिट्स आल्या आणि प्रत्येक वेळी चाचणी एकदाच चालवली, तर पाचही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ३२ मध्ये १ एवढीच उरते. एक जरी चुकले तरी शोध भलत्या अर्ध्यात शिरतो आणि तेथून परत येत नाही. स्क्रिप्टमध्येच चाचणी सलग दहा वेळा चालवून एकदाही फसली तर 'बिघडलेली' म्हणायचे असे ठरवले, तर एका बिघडलेल्या कमिटला चांगली म्हणण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ वर येते. वेळ दहापट लागतो, हे खरे. पण २० टप्प्यांच्या शोधात दहापट वेळ परवडतो, कारण मुळात १० लाखांचे २० झालेले असतात.

हे सारे बिघाड एकदाच शिरला आणि मग टिकून राहिला, या गृहीतकावर आधारलेले आहे. बिघाड शिरला, दुरुस्त झाला आणि पुन्हा शिरला असे असेल तर बायसेक्ट त्यांपैकी एका संक्रमणावर येऊन थांबते. ते आपल्याला हवे तेच असेल याची हमी नसते.

'मग सगळे एकाच कमिटमध्ये का गुंडाळू नये?'

अनेक चमू फाट्यावरच्या साऱ्या कमिट्स मुख्य धारेत घेताना एकत्र दाबून एकच करतात. याला स्क्वॉश म्हणतात. मधल्या अवस्थाच उरल्या नाहीत तर त्या मोडक्या असण्याचा प्रश्न मिटतो, हे बरोबर आहे. लहान बदलांसाठी मलाही हीच पद्धत पसंत आहे. परंतु ४० फायलींमध्ये पसरलेल्या ३,००० ओळी एका कमिटमध्ये दाबल्या, तर बायसेक्ट इमानाने त्या कमिटचे नाव सांगेल आणि तेथून पुढचा शोध माणसाला पूर्वीसारखाच डोळ्यांनी करावा लागेल.

'पण एवढा संगणक-वेळ कोण देणार?'

येथे एक युक्ती उपयोगी पडते. कमिटचा क्रमांक टीप, वेळ, लेखक आणि आधीची कमिट या सर्वांवर अवलंबून असतो. पण केवळ फायलींच्या अवस्थेलाही गिट स्वतंत्र क्रमांक देते, त्याला ट्री म्हणतात. टीपेतले शुद्धलेखन सुधारले तर कमिटचा क्रमांक बदलतो, ट्रीचा नाही. म्हणून चाचणीचे निकाल ट्रीच्या क्रमांकाखाली नोंदवून ठेवले तर ज्या अवस्थेची तपासणी एकदा झाली तिची पुन्हा करावी लागत नाही, आणि रिबेसनंतर कमिट्सचे क्रमांक बदलले तरी बहुतेक निकाल, फायली तशाच असल्यास, कायम राहतात. शिवाय एकेका कमिटची तपासणी दुसरीवर अवलंबून नसल्याने चार वर्कट्रींमध्ये चार तपासण्या एकाच वेळी चालवता येतात.

वेळेपेक्षा वेगळी अशी एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रत्येक कमिटवर कमांड चालवणे म्हणजे प्रत्येक कमिटच्या लेखकाचा कोड आपल्या संगणकावर चालवणे होय. अनोळखी माणसाच्या मालिकेची तपासणी करायची असेल तर ती कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून अलग ठेवलेल्या कप्प्यात, किंवा वेगळ्या आभासी यंत्रात करावी. आपल्या बँकेचे पासवर्ड ज्या यंत्रावर आहेत तेथे नव्हे.

तिसरा प्रसंग: पुसलेले पण न गेलेले

आतापर्यंतचे दोन्ही प्रसंग 'चालते की नाही' याचे होते. तिसऱ्यात प्रश्न 'आत काही दडलेले आहे का' असा असतो, आणि येथे बायसेक्ट कामाचे नाही. इतिहासाचा कोपरा न् कोपरा पाहावा लागतो.

कोणी तरी घाईत क्लाउड सेवेची गुप्त किल्ली फाइलमध्ये लिहिली, कमिट केली, चूक लक्षात येताच पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून टाकली. शेवटची अवस्था स्वच्छ दिसते. पण आधीची संपूर्ण अवस्था इतिहासात तशीच आहे आणि रेपॉझिटरीची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे ती जाते. रेपॉझिटरीत राहिलेल्या किल्लीची किंमत काय असू शकते हे उबर कंपनीच्या प्रकरणाने जगाला दाखवले. २०१६ मध्ये हल्लेखोरांना कंपनीच्या खासगी रेपॉझिटरीत क्लाउड सेवेची प्रवेश-किल्ली सापडली आणि तिच्या आधारे ५.७ कोटी प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. ही गोष्ट उघड झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये.

असा शोध घेण्यासाठी प्रत्येक कमिट चेकआउट करून शब्द शोधत बसणे शक्य असले तरी तो द्राविडी प्राणायाम आहे. एकच मजकूर असलेली फाइल हजार कमिट्समध्ये असली तरी गिट ती एकदाच साठवते, त्यामुळे साठवलेल्या मजकुरांवरून एकदा नजर फिरवली की हजारही कमिट्स पाहून होतात. गुप्त किल्ल्या शोधणारी काही साधने या मार्गाचा फायदा घेतात. नेमका शब्द माहीत असेल तर 'लॉग' या आज्ञेचा 'एस' हा पर्याय ज्या कमिट्समध्ये त्या शब्दाच्या आढळांची संख्या बदलली तेवढ्याच दाखवतो, म्हणजे तो केव्हा आला आणि केव्हा गेला हे दोन्ही कळते. शोध घेताना मुख्य ब्रँचपुरते थांबू नये. विसरलेले जुने फाटेही यादीत घ्यावेत.

किल्ली सापडल्यावर इतिहास पुन्हा लिहून ती काढून टाकण्याचा मोह होतो. त्यासाठी पूर्वी 'फिल्टर-ब्रँच' ही आज्ञा वापरली जाई, तीही प्रत्येक कमिटवर दिलेली कमांड चालवणारीच. मात्र ती संथ आहे आणि तिच्यात धोके इतके आहेत की गिटची स्वतःची माहितीपत्रिकाच आता तिच्याऐवजी 'फिल्टर-रेपो' हे साधन सुचवते. साधन कोणतेही असले तरी त्या जागेपासून पुढच्या सगळ्या कमिट्सचे क्रमांक बदलतात, सहकाऱ्यांच्या प्रती जुळेनाशा होतात, आणि ज्याने जुनी प्रत आधीच घेतली आहे त्याच्याकडे किल्ली राहतेच. त्यामुळे पहिले काम किल्ली रद्द करून नवी घेण्याचे. इतिहासाची साफसफाई त्यानंतर, आणि पुष्कळदा अनावश्यक.

इतिहासाच्या कक्षेबाहेर राहणारे

ही तपासणी इतिहासात जे नोंदवले आहे त्याचीच असते, आणि ही मर्यादा किती महाग पडू शकते हे मार्च २०२४ मध्ये दिसले. लिनक्सच्या अनेक प्रकारांत वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या संपीडन-साधनाच्या, म्हणजे फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा पेरलेला होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्या धाग्यावरून ते मुळापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च रोजी त्यांनी ते जाहीर केले. घातक मजकूर रेपॉझिटरीत होता, पण चाचणीसाठी ठेवलेल्या संपीडित फायलींच्या वेषात. तो उघडून बांधणीत मिसळणारी कळीची स्क्रिप्ट रेपॉझिटरीत नव्हतीच. ती केवळ प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात, म्हणजे लोकांनी उतरवून घ्यायच्या संपीडित संग्रहात, घातलेली होती. रेपॉझिटरीतली प्रत्येक कमिट क्रमाने चेकआउट करून बांधली असती आणि चाचण्या चालवल्या असत्या तरी तो चोरदरवाजा तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये उतरला नसता, आणि एक्झिट कोडमध्ये त्याची काही खूण उमटली नसती. तो सापडण्यासाठी प्रकाशित गठ्ठा आणि त्याच आवृत्तीची कमिट या दोहोंतल्या फायली एकमेकांशी ताडून पाहाव्या लागल्या असत्या, आणि ही तुलना स्क्रिप्टमध्ये बसवणे काही ओळींचेच काम आहे.